फोन विजीच्या पाऊचमध्ये

३ डिसेंबर, मंगळ.

सकाळी विजीचा फोन. गाडी सर्व्हिसिंगहून आली, सोमवारी निघायचं, आता नाही म्हणालीस तर तुझं तोंड बघणार नाही. समुद्राचं आमचं दहावीपासून ठरलंय. वालचंदनगरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. भूगोलाच्या पुस्तकातल्या कोकणच्या नकाशावर तिने पेनाने एक मोटार काढली होती, आत दोन वेण्यावाल्या बाया. एकतीस वर्षं झाली त्याला. ती कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली, मी इथं वाडीत आले, मध्ये कळंब आणि पाच-सहा किलोमीटर ऊस. गाडी चालवायला शिकली तेव्हापासून दर दिवाळीला म्हणते, चल.

ह्यांना विचारलं. वाटलं आता गाईंच्या धारा, शेण, ऊसतोड सगळं काढतील. तर म्हणाले, "जा की. चार दिवस फिरून ये." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं हे वाक्य. माहेरी तिसरा दिवस उजाडला की तोंड वाकडं होतं यांचं. बरं वाटत नाहीये का, असं मीच विचारणार होते.

दुपारी दूध संस्थेचा शिपाई कागद घेऊन आला. माझे हात पिठात. ओट्यापाशी उभी राहूनच ओरडले, "तुम्हीच करा हो सही." दर वेळी असंच होतं. ह्यांनी केली. कसला कागद विचारलं, तर "आडिटचा".

ही डायरीही संस्थेचीच. संचालक झाल्यावर मिळालेली एकमेव वस्तू. पुढच्या वर्षाची आहे. तारखा खोडून लिहितेय.

७ डिसें.

बॅग भरली. दोन साड्या, दोन ड्रेस (पोराच्या, नितीनच्या, लग्नाआधी घालून घ्यावेत), शेंगदाण्याची चटणी, बाजरीची भाकरी नको म्हणाली वि., तरी घेतली.

हिराबाई डेअरीपुढं भेटली. एकच जर्सी गाय तिची, सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येते. "चेअरमन कवा निवडायचा वं ताई?" म्हटलं नोटीस आली की सांगते. "तवा मशीन फिरवून घ्या तेवढं." म्हटलं घेते.

ह्या एका गोष्टीसाठी उभी राहिले मी. डेअरीतलं फॅटचं मशीन आत टेबलावर, आकडे क्लार्ककडे तोंड करून. खिडकीतून दूध ओतणाऱ्या बाईला फक्त मशीनची पाठ दिसते. तो म्हणेल तो आकडा, आणि आकड्यावर दुधाचा दर. वीस वर्षं चेअरमन असलेले आप्पा म्हणतात, मशीन नाजूक असतं, धूळ लागते. तर दत्तातात्या म्हणाले, ताई, मी चेअरमन झालो तर पहिला ठराव तुमचा. संचालक अकरा. पाच आप्पांचे, पाच तात्यांचे. अकरावी मी. आणि मी तात्यांची, हे मी देवळापुढच्या सभेत उभं राहून सांगितलंय, पदर सारखा करत. आप्पांनी तेव्हाही हात जोडले होते हसून.

९ डिसें., सोम. — गुहागर

एका दिवसात किती लिहू.

सातला निघालो. बारामतीला एमआयडीसीच्या गेटवर थांबलो, नितीनला चिवडा द्यायला. मोटारसायकलींची रांग लागलेली, पहिली पाळी आत चाललेली. टोपी घातलेलाच बाहेर आला. आमच्या संस्थेचं दूध जातं त्या मोठ्या डेअरीत आहे तो, दोन वर्षं कंत्राटावर. म्हणाला, "आई, निवांत ये. गडबड करू नको परत यायची." पोरगं शहाणं झालं म्हणून डोळ्यात पाणी आलं माझ्या.

फलटण, सातारा, पाटण. वि. गाडी छान चालवते, फक्त ट्रकवाल्यांना फार शिव्या देते. पाटणला चहा. तिथं तिने एक कापडी पाऊच काढलं, औषधांचं. "दे तुझा फोन." का? "चार दिवस कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही. माझा पण बंद. संध्याकाळी घरी एक फोन करायचा, तो माझ्यावरून." दोन्ही फोन आत, चेन लावली, पाऊच तिच्या पर्समध्ये. मला इतकं हसू आलं. सोळा वर्षांच्या असताना अशीच माझी चिंचेची पुडी जप्त करायची.

कुंभार्ली घाटात काच खाली करून ओरडलो दोघी. नुसतं ओरडलो. माकडं बघायला लागली.

समुद्र संध्याकाळी. वि. म्हणाली, "अगं बोल की." मला वाटत होतं निळा असेल. निळा नव्हता. करडा होता, आणि त्याला पलीकडचा बांध नव्हता. मी चपला हातात घेऊन नुसती उभी.

घरी फोन झाला. सगळं ठीक म्हणाले.

१० डिसें.

पाण्यात गेले. कमरेपर्यंत. वि. ने फोटो काढला, साडी गुडघ्याच्या वर, केस सुटलेले, दात दिसतायत. म्हणाली तुझ्या ह्यांना पाठवू? म्हटलं, मेले.

खानावळीत सुरमई. काटे काढायला त्या मालकिणीने शिकवलं, लहान पोराला शिकवावं तसं. सोलकढी तीन वाट्या. वि. म्हणे पोट बिघडेल. बिघडलं नाही.

दुपारी झाडाखाली आडव्या. वि. म्हणाली, तिच्या मिस्टरांची रिटायरमेंट झाली, क्वार्टर मे महिन्यात रिकामं करायचं. आमच्या वाडीच्या कडेला दोन गुंठे घेतलेत तिने. "तुझ्या शेजारी म्हातारी होणार मी." मी तिचा हात धरला. अशी मैत्रीण असायला नशीब लागतं, हे तिला म्हटलं. ती उठून बसली, वाळू झाडत राहिली.

संध्याकाळी फोन मागितला. वि. म्हणाली बॅटरी गेलीय, उद्या.

११ डिसें. — ग. पुळे

किनाऱ्याकिनाऱ्याने. वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळहून फेरीबोट. गाडीसकट बोटीत! मी गाडीतून उतरलेच नाही, धरून बसले सीटला. वि. बाहेर उभी, ओढणी उडतेय. कितीदा तरी माझ्याकडं बघून गेली. मला वाटलं माझी भीती बघून हसतेय.

आज जरा गप्प आहे ती. रात्री झोपली नाही म्हणे नीट. शिंपले वेचले पिशवीभर. हिराबाईच्या नातीला देईन.

मी सुखी आहे आज. असं लिहिताना जरा लाजल्यासारखं होतंय, पण आहे.

१२ डिसें., गुरु.

गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय. हलू दे.

सकाळी साडेआठ. हॉटेलच्या अंगणात नाश्ता. दोन टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या, पंधरा-वीस पुरुषमाणसं, पांढरे कपडे, टोप्या, मिसळीवर तुटून पडलेले. बघताच कळलं. भाषा आपल्याकडचीच, नीरेपलीकडचे. कुठल्यातरी सोसायटीचे संचालक, निवडीपर्यंत पळवून आणलेले. एकाच्या खांद्याला झोळी, सगळ्यांचे फोन तिच्यात. ज्याला घरी बोलायचं त्याने त्याच्याजवळ जायचं, तो नंबर लावून देणार, शेजारी उभा राहून ऐकणार.

आपल्या भागात हे कुणाला नवीन नाही. कोण फुटेल, कोणाला समोरचा उचलेल, म्हणून आधीच गाडीत घालून न्यायचं, समुद्र दाखवायचा, मतदानादिवशी थेट दारात आणून सोडायचं. मी वि. ला म्हटलं, "बघ, तोंडाला मुसकी बांधलीत सगळ्यांच्या." आणि हसले. मोठ्यानं हसले मी.

वि. हसली नाही.

मग म्हटलं, दे गं फोन, घरी लावते. तिने पर्स उघडली, पाऊच काढलं, चेन उघडली, स्वतःचा फोन काढला, स्वतःच नंबर लावायला लागली. पलीकडच्या टेबलावरचे एक म्हातारे बघत होते. मिशीला तर्री लागलेली. म्हणाले, "ताई, तुमचाबी जमा क्येलाय व्हय? मंग तुमीबी संचालकच!"

मी हसतच म्हटलं, हो की, दूध संस्थेची.

"कवा हाय निवड?"

"अजून नोटीस नाही आली."

त्यांनी माझ्याकडं, मग वि. कडं, मग पाऊचकडं बघितलं. हळूच म्हणाले, "नोटीस न्हाय, मंग सहल कशाची वं?"

मी वि. कडं वळले. तिचं तोंड बघून मला सगळं कळलं. पिठाचे हात, आडिटचा कागद, जा की चार दिवस, गडबड करू नको. सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

"कधी आहे?"

खाली मान घालून म्हणाली, "आज. अकरा वाजता."

माझा फोन तिच्या हातातल्या पाऊचमधून ओढून घेतला. चालू केला. मेसेज येत गेले, हिराबाईचे चौदा मिसकॉल. तात्यांचे सहा. तात्यांना लावला. म्हटलं तात्या, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आता कशाला फोन, ताई? ऱ्हावा निवांत. गार वारं खावा." ठेवला.

नऊ वाजले होते. ग. पुळ्याहून वाडी आठ तास.

तरी निघालो. मला गाडी येत नाही. हिच्याशिवाय घरी कसं जायचं तेही मला माहीत नाही. म्हणून हिच्याच शेजारी बसलेय, हिच्याच गाडीत, अजून सहा तास.

अकरा वाजले तेव्हा संगमेश्वरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. झेंडीवाल्याने थांबवलं. पंचवीस मिनिटं. बाजूला एक बाई काकड्या विकत होती.

चिपळूणच्या पुढं वि. बोलायला लागली. मी विचारलं नव्हतं. तिच्या दोन गुंठ्यांना वाट नाही. सगळीकडून आप्पांचं रान. आप्पांनी वाट लिहून द्यायचं कबूल केलंय. "घर बांधायला विटा तरी न्यायच्या कुठून, सुमे?" मी म्हटलं, मग? "मी नाही म्हटलं असतं तर तुझ्या ह्यांनीच नेलं असतं तुला कुठंतरी, आजारपणाचं निमित्त काढून. त्यांनी होच म्हटलं होतं आधी. मी म्हटलं, न्यायचंच आहे तर मी नेते. निदान समुद्र तरी बघू दे हिला."

घाटात परत माकडं होती.

मी एकच विचारलं. फेरीबोटीत, वाळूत, ते सगळं पण आप्पांनीच सांगितलेलं का? ती रडायला लागली. गाडी चालवताना रडू नये, म्हटलं. समोर बघ.

१३ डिसें.

पाच-पाच मतं. अधिकाऱ्याने कळशीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. आप्पांची निघाली. मी असते तर कळशी लागलीच नसती.

नोटीस शोधली. गाईच्या विम्याच्या कागदात सापडली. तारीख ३. वर छापलंय, सौ. सुमन... खाली ह्यांची सही. माझं नाव, त्यांची सही, माझ्याच सांगण्यावरून.

समोर ठेवली. म्हणाले, "नितीनला पर्मनंट करायचं हाय का न्हाय? आप्पांच्या शब्दाबिगर हुतंय व्हय? तू ऐकली आसतीस का?"

"विचारायचं तरी."

"इच्यारलं आसतं तर न्हाय म्हनली आसतीस."

हो. नाहीच म्हणाले असते. एवढं ओळखतात मला. त्या ओळखीचा हा उपयोग केला.

१४ डिसें.

नितीनला फोन. "तुला माहीत होतं?" बराच वेळ यंत्रांचा आवाज. "आई, माझं पण वय होत चाललंय." ठेवताना सवयीने म्हटलं, जेवून घे.

१६ डिसें.

मी गेले होते तात्यांकडं. ओसरीवर बसवलं, चहा दिला. बायकोने कप ठेवला आणि आत गेली. मी सगळं सांगितलं, पाऊच, नोटीस, सगळं. तात्या ऐकून घेतात म्हणून बरं वाटत होतं. मग म्हणाले, "आसंल, ताई. पर मानूस चार दिस फोन देतो आन् इच्यारत न्हाय, आसं कुटं आसतंय?"

मैत्रीण होती ती, हे उत्तर त्यांना पटणारं नाही. घरी येईपर्यंत मलाही पटेना.

वाडीत सगळे म्हणतात सुमनबाई सहलीला जाऊन आल्या. पुरुष तसे नेहमी जातात, येतात, लोक हसून सोडून देतात. पण त्यातला एकही देवळापुढं उभा राहून मी विकला जाणार नाही असं म्हणाला नव्हता. मी म्हणाले होते.

१८ डिसें.

विजीने फोटो पाठवला. तोच, कमरेएवढ्या पाण्यातला. खाली काही लिहिलं नाही. डिलीट करायला बोट नेलं. नाही केला. या बाईला मी ओळखत नाही, पण तिचे दात कसे दिसतायत बघा. हेच सगळ्यात वाईट आहे. ते चार दिवस खराब गेले असते तर मी तिला आरामात शिव्या घातल्या असत्या.

बॅगेतून अजून वाळू निघतेय.

२१ डिसें.

संस्थेत गेले. शिपायाला सांगितलं, यापुढं माझा कागद माझ्याच हातात. तो क्लार्ककडं बघून हसला. म्हणाला, "आवो पर तुमचे साहेबच घेत्यात की." म्हटलं साहेब संचालक नाहीत. क्लार्क मशीनमागून म्हणाला, "ताई, आता काय घाई हाय?"

आप्पा होते. उठून उभे राहिले, खुर्ची दिली. "परवास नीट झाला न्हवं?" अगदी आपुलकीनं. मी अर्ज पुढं केला, मशीनचं तोंड खिडकीकडं करावं, मासिक मीटिंगचा विषय म्हणून घ्यावा. वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "घेऊ की, घेऊ. पाच मतं तुमच्याकडं हायतच." मग खिशावर हात ठेवत, "हायत न्हवं अजून?"

ते पाच माझ्याशी बोलत नाहीत हे त्यांना माहीत आहे.

२४ डिसें.

विजी आली होती. दारात उभी, आत ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. वाटेचा कागद झाला. पायाचा नारळ रविवारी, २९ला. "तू आल्याशिवाय फोडणार नाही मी." हातात पत्रिका नव्हती, हळदी-कुंकवाची पुडी होती, ती उंबऱ्यावर ठेवून गेली. ह्यांनी उचलून देव्हाऱ्यात ठेवली. मी पुडीला हात लावला नाही अजून. रोज तिथंच दिवा लावते.

२७ डिसें.

नितीनचं पत्र आलं. एक जानेवारीपासून कायम. पेढे आणले ह्यांनी. एक माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. पोराचा पेढा नाही म्हणता येत नाही. गोड लागला, काय करू.

२८ डिसें., शनि.

उद्या विजीचा नारळ. परवा मासिक मीटिंग. नोटीस या वेळी माझ्या हातात आली. मी हात धुऊन, पुसून सही केली. विषय सात आहेत. मशीन त्यात नाही. "आयत्या वेळचे विषय" आहे शेवटी, त्यात उठून बोलता येतं. बोलेन का, आणि बोलले तर कोण हात वर करील, माहीत नाही. उद्या नारळाला जाईन का, तेही नाही.

सकाळी डेअरीवर गेले होते, मुद्दाम, दूध घालायच्या वेळी. बायकांची रांग. मी गेले तशी बोलणी थांबली. सोळा दिवसांत कुणी शब्दाने विचारलं नव्हतं मला. कोपऱ्यात उभी राहिले. शिंपल्यांची पिशवी होती जवळ, नातीसाठी आणलेली. काढली नाही.

हिराबाई माझ्यापुढं होती. किटली ओतली, खिडकीला वाकून थांबली. आतून क्लार्क म्हणाला, "तीन-एक." ती म्हणाली, "काल तीन-पाच हुतं की." "आज तीन-एक." ती माझ्याकडं वळली. मला वाटलं आता शिवी देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं.

तिने किटली कमरेवर घेतली. टोमणा होता की खरंच विचारत होती, मला अजून कळलेलं नाही.

"समिंदर लई मोटा आसतोय का वं, ताई?"

मागं रांग थांबलेली. खिडकीतून मशीनची पाठ दिसत होती.

म्हटलं, "हो, हिराबाई. लई मोठा."